सज्ञानांसाठी राखीव

मनुष्याचे बालपण त्याच्यापासून एकदा काढून घ्यावे, वीस-पंचवीस वर्षे ते एखाद्या वखारीत धूळ खात पडू द्यावे, आणि पुढे त्याच्या मस्तकावरील केस विरळ व खिशातील पाकीट पुष्ट झाले, म्हणजे तेच बालपण झाडूनपुसून, वीजजोडणी करून, बियरच्या पेल्याशेजारी मांडून त्यालाच पुन्हा विकावे, असा एक उद्योग सांप्रत अमेरिकेत भरभराटीस आलेला असून त्याचे समक्ष अवलोकन करण्याचा योग माझ्या भाच्याच्या कृपेने मला नुकताच आला. या उद्योगाची सामग्री अगदी बेताची आहे. एका भिंतीशी बियरच्या नळांची रांग, उरलेल्या भिंतींशी १९८० सालाच्या मागेपुढे तयार झालेले, नाणे टाकून खेळावयाचे, पुरुषभर उंचीचे व्हिडिओ गेमचे पेटारे, आणि मधल्या अंधारात घरकर्जाचे हप्ते नियमितपणे भरणारे, चाळिशी ओलांडलेले सभ्य गृहस्थ, जे एका बोटभर विमानाच्या अपमृत्यूवर मोठ्याने शोक करीत असतात.

उभी हयात जिल्हा कोषागारात काढल्यामुळे कोणत्याही संस्थेत शिरताना प्रथम तिचे नियम वाचावयाचे ही माझी खोड आहे, आणि या संस्थेच्या नियमांत मला जी गंमत आढळली ती अशी की, येथे प्रवेशाची अट आणि पात्रतेची अट या एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. हे खेळ ज्या बोटांना साधतात ती बोटे बारा-तेरा वर्षांच्या मुलाची. आणि मद्यालयाचा दरवाजा उघडतो तो एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रौढास. परिणामी ज्यांना खेळता येते त्यांना आत घेत नाहीत, ज्यांना आत घेतात त्यांना खेळता येत नाही, आणि आत घेतलेल्यांपैकी एखाद्याच्या हातात चुकूनमाकून थोडे कौशल्य शिल्लक राहिलेच असेल, तर तेही निकालात निघावे म्हणून त्या हातात तत्परतेने पेला देण्यात येतो. इतकी निर्दोष व्यवस्था मी सरकारी खात्यातही पाहिलेली नाही.

वास्तविक हे खेळ मद्यालयात नव्याने शिरले असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. ते मद्यालयातच लहानाचे मोठे झाले. १९७१ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी ‘कॉम्प्युटर स्पेस’ नावाचा एक खेळ सिद्ध केला होता. परंतु तो खेळण्यापूर्वी सूचनांचे लांबलचक पत्रक वाचून समजून घ्यावे लागे, आणि मद्यालयात बसलेला मनुष्य बाकी काहीही करील, पण पत्रक वाचणार नाही, हे सत्य त्या दोघांना अनुभवाने कळले. पुढल्याच वर्षी त्यांनी अटारी ही कंपनी काढली आणि ॲलन अल्कॉर्न नावाच्या तरुण अभियंत्यास, निव्वळ हात बसावा म्हणून, पडद्यावर चेंडू इकडून तिकडे टोलविण्याचे एक सोपे यंत्र करावयास सांगितले. तो मन लावून काम करील अशा हेतूने बुशनेलसाहेबांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी याबाबत करार झाला आहे, अशी थापही ठोकून दिली. तेच ‘पाँग’. नाणे टाका, चेंडू आपोआप येईल, तो चुकू देऊ नका, एवढाच त्याचा कायदा. आणि तो कितव्याही पेल्यानंतर समजण्याजोगा होता. कॅलिफोर्नियातील सनीवेल गावच्या ‘अँडी कॅप्स टॅव्हर्न’ या मद्यालयात त्याचा पहिला नमुना बसविण्यात आला, आणि थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची फिर्याद आली. अल्कॉर्न धावत गेला, त्याने पेटारा उघडला, आणि पाहतो तो आतील नाण्यांचे पात्र भरून ओसंडत होते. नवे नाणे पडावयास जागाच उरली नव्हती. नादुरुस्तीचे कारण भरभराट, अशी नोंद दुसऱ्या कोणत्याही दप्तरात माझ्या पाहण्यात नाही.

पुढे १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला, १९८० साली नाम्को कंपनीचा ‘पॅक-मॅन’ आला, आणि या पेटाऱ्यांनी मद्यालयाचा उंबरठा ओलांडून बाजारपेठा, पिझ्झाची दुकाने आणि खास खेळांची दालने व्यापली. तेथे मुले जमू लागली, आणि मुले जेथे स्वतःच्या पैशाने जमतात तेथे जगातील यच्चयावत महापौर, मास्तर आणि मामा यांना गुन्ह्याचा वास येतो, हे न्यूयॉर्क शहराच्या इतिहासावरून सप्रमाण सिद्ध करता येते. त्या शहराचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी १९४२ साली, म्हणजे जपानशी युद्ध जुंपलेले असताना, वेळात वेळ काढून पिनबॉलच्या यंत्रांविरुद्ध दुसरी आघाडी उघडली. पोलिसांनी छापे घातले, यंत्रे जप्त केली आणि घणांनी फोडली. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. ती उठली तीही मोठ्या नाट्यमय रीतीने: रॉजर शार्प नावाच्या एका तरुणास नगरपरिषदेच्या सदस्यांपुढे साक्षीस उभे करण्यात आले, एक यंत्र आधीच सिद्ध करून ठेवलेले असेल या संशयाने त्यास शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर खेळावयास लावले, आणि चेंडू आता मधल्या वाटेने जाईल असे आगाऊ सांगून त्याने तो खरोखरीच मधल्या वाटेने घालविला. कौशल्य की दैव या चौतीस वर्षे खोळंबलेल्या प्रश्नाचा निकाल त्या एका टोल्याने लागला. आपल्याकडे एवढ्या अवधीत फक्त पुढची तारीख लागली असती.

पिनबॉल सुटला आणि त्याच्या जागी व्हिडिओ गेम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. १९८१ साली फिलिपिन्सचे मार्कोस यांनी फर्मान काढून साऱ्या देशातून या खेळांची हकालपट्टी केली. टेक्सासमधील मेस्किट नावाच्या गावाने, सोबत पालक असल्याखेरीज सतरा वर्षांखालील मुलाने नाण्यांच्या यंत्राला हात लावू नये असा ठराव केला व त्यावरील खटला १९८२ साली थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला. त्याच वर्षी त्या देशाचे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांनी मुले या खेळांच्या तनामनाने आहारी गेली असल्याचे जाहीर केले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, हे आपले वैयक्तिक मत असून त्यास शास्त्रीय आधार नाही, असा खुलासाही केला. मला हा गृहस्थ फार आवडतो. आमच्या पिढीतील वडीलधाऱ्यांनी पहिल्या दिवसाचे काम अत्यंत निष्ठेने केले. दुसऱ्या दिवसाचे मात्र कोणाला सुचले नाही.

या वडीलधाऱ्यांत मी स्वतः मोडतो. १९९० नंतरच्या दशकात नाशिकला माझ्या भगिनीच्या घराजवळील गल्लीत एक व्हिडिओ गेम पार्लर होते, आणि तेथे एका रुपयाच्या नाण्यांच्या बदल्यात माझा भाचा आपले गणिताचे भवितव्य रोज थोडेथोडे गहाण टाकीत असे. कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा त्याचा आवडता खेळ. मात्र पेटाऱ्यावरील ते लांबलचक नाव उच्चारण्याच्या भानगडीत आपल्याकडील मुले पडली नाहीत, त्यातील टोपीवाल्या वीराच्या नावाने त्यांनी साऱ्या खेळालाच ‘मुस्तफा’ करून टाकले. या मुस्तफाच्या तावडीतून भाच्यास कानाला धरून बाहेर काढण्याची कामगिरी, मी सुट्टीत नाशिकला गेलो की, भगिनी माझ्याकडे सोपवी, आणि मी ती बजावीत असे. तो पुढे इंजिनिअर झाला तो मी कान धरल्यामुळे, असे माझे मत आहे. यंत्राच्या आत काय आहे हे कुतूहल तेथेच जागे झाले म्हणून झाला, असे त्याचे मत आहे. आमच्यामधील हे प्रकरण अद्याप प्रलंबित असून मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही.

पार्लरमधून ज्या मुलांचे कान धरून त्यांना बाहेर काढले गेले, ती मुले मोठी झाली, कमावू लागली, आणि आपण काहीही न बिघडता मोठे झालो याबद्दल त्यांच्या मनात एक अस्पष्ट असमाधान राहून गेले. त्या असमाधानाचा पहिला चांगला गिऱ्हाईक-हिशेब ज्यांनी मांडला त्यांत ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात २००४ साली ‘बारकेड’ उघडणाऱ्या चौघा मित्रांची गणना करावी लागेल. जुने पेटारे आणि ताज्या बियरचे नळ एकाच छपराखाली आणणे एवढीच त्यांची कल्पना. ओरेगनमधील पोर्टलंडला ‘ग्राउंड कंट्रोल’ हे दालन त्याच्याही आधीपासून, १९९९ पासून, जुने पेटारे जिवंत ठेवून होते. परंतु ‘बारकेड’ हे नाव चौघांनी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून ठेवल्यामुळे, पुढे गावोगाव निघालेल्या अनुयायांस धंदा तोच चालतो, पण नाव दुसरे शोधावे लागते. २०११ साली त्यांनी जर्सी सिटीत न्यूअर्क अव्हेन्यूवर शाखा काढली. त्याच रस्त्याने बराच वेळ पश्चिमेकडे चालत गेले की इंडिया स्क्वेअर लागतो, जेथे आपल्या लोकांची मिठाईची, साड्यांची आणि सोन्याची दुकाने आहेत. म्हणजे एकाच रस्त्याच्या एका भागात आईच्या आठवणीने आणि दुसऱ्या भागात आईने मना केलेल्या गोष्टींच्या आठवणीने व्याकूळ होण्याची सोय झालेली आहे.

या धंद्याचा जमाखर्च मी भाच्याकडून समजून घेतला, कारण माझ्या अनुभवात स्मृतीवर कर बसविता येत नाही. १९८१ साली एका डावाचा दर पाव डॉलर होता; यांपैकी अनेक ठिकाणी तो आजही पाव डॉलरच आहे. त्या अवधीत अमेरिकेतील किमती तिपटीहून अधिक वाढल्या, घरभाडे वाढले, बियर वाढली, आणि ही एकच गोष्ट जेथल्या तेथे राहिली, याचे कारण मालकांचा उदारपणा नसून, पाव डॉलरच्या खेळात पराभूत झालेला मनुष्य सांत्वनासाठी सात-आठ डॉलरच्या पेल्याकडे वळतो, हा अनुभव आहे. पेटारा नाणी गोळा करीत नाही. गिऱ्हाईक तहानेले ठेवतो.

भाच्याने मला ज्या मद्यालयात नेले त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण हा लेख माझ्या भगिनीच्या वाचनात येण्याचा संभव आहे. दारावर एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे, काठीकडे आणि कानातील श्रवणयंत्राकडे एकवार पाहून, माझ्या वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्याचा दाखला मागितला. कोणी दाखला मागितला की मला परकेपणा वाटेनासा होतो. मी कोटाच्या आतील खिशातून, सदैव जवळ बाळगलेला, महाराष्ट्र राज्याचा मद्यसेवनाचा आजीवन परवाना काढून त्यांच्यापुढे धरला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये दारू पिण्याची रीतसर सोय करून देणारा हा दस्तऐवज असून, सौम्य मद्यास एकवीस व कडक मद्यास पंचवीस अशी वयोमर्यादा आमच्याकडे असल्याने, मी दोन्ही कसोट्यांना उतरतो, हेही मी त्यांना इंग्रजीत समजावून दिले. त्यांनी परवाना उलटसुलट करून पाहिला, शिक्क्यावर विजेरीचा प्रकाश टाकला, आणि शेजारच्या सहकाऱ्यास बोलावून त्यालाही दाखविला. “मामा, पासपोर्ट द्या त्याला,” भाचा कानाशी कुजबुजला. पासपोर्ट पाहून त्यांनी मला आत सोडले खरे, परंतु परवाना परत देताना त्यांच्या चर्येवर जो आदर उमटला होता, तो पासपोर्टाच्या वेळी नव्हता.

आत शिरताच प्रथम कानांवर आघात झाला. प्रत्येक पेटारा आपापली धून अखंड वाजवीत होता, आणि या गदारोळात श्रवणयंत्र बंद करता येणारा मी एकटाच भाग्यवान होतो. डोळे अंधारास सरावले तेव्हा जी पहिली गोष्ट दिसली तिने मला बराच वेळ खिळवून ठेवले. ‘टॅपर’ या नावाचा एक पेटारा होता. १९८३ साली बॅली-मिडवेने तो मद्यालयांसाठीच घडविला, आणि त्यावर बडवायझर या बियरची खूण झळकत असे. मुलांच्या दालनांत बियरची जाहिरात कशी चालेल, असा प्रश्न उपस्थित झाल्यावर त्यातील बियर काढून तिच्या जागी रूट बियर हे निरुपद्रवी पेय भरण्यात आले. खेळ असा की, आपण बियर वाढणारा नोकर व्हावयाचे, नळ सोडून पेले भरावयाचे, लांबलचक मेजावरून ते गिऱ्हाइकांकडे सरकवावयाचे, आणि परत येणारे रिकामे पेले खाली पडून फुटण्यापूर्वी झेलावयाचे. पेटाऱ्याच्या तळाशी पाय टेकावयास पितळी दांडी आहे, आणि खेळाची कळ नळाच्या मुठीच्या आकाराची आहे. या पेटाऱ्यापुढे एक तरुण घामाघूम होऊन पेले सरकवीत होता. चौकशी करता असे कळले की, तो याच मद्यालयात बियर वाढावयाच्या कामावर असून त्याची ही पंधरा मिनिटांची सुट्टी होती. त्याच्या पाठीमागे खऱ्या मेजाशी खरी गिऱ्हाइके रिकामे पेले वाजवीत होती, आणि तो त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता पडद्यावरील गिऱ्हाइकांना विलंब होऊ नये म्हणून जिवाचे रान करीत होता.

भाच्याने माझ्या हाती नाणे ठेवून मला ‘पॅक-मॅन’समोर उभे केले. या खेळाचे जनक तोरू इवातानी यांचा मूळ हेतू असा होता की, त्या काळची दालने ही मारामारीच्या खेळांनी आणि पोरासोरांनी भरलेली, तेव्हा स्त्रियांनाही यावेसे वाटेल असे काहीतरी करावे; म्हणून त्यांनी बंदुका वर्ज्य केल्या आणि खाणे हा विषय घेतला. एक पिवळा, केवळ तोंडच असलेला प्राणी चक्रव्यूहात फिरून ठिपके गिळतो, आणि चार भुते त्याच्या पाठलागावर असतात. ही भुते वाटेल तशी भटकत असावीत असा माझा समज होता. पण भाच्याने सांगितले की प्रत्येकाची कार्यपद्धती निराळी आणि पक्की ठरलेली आहे, आणि ती त्याने समजावून देताच माझ्या अंगावर काटा आला, कारण ही चौकडी मी आमच्या कचेरीत प्रत्यक्ष ओळखत होतो. तांबडे भूत सरळ पाठीमागे लागते. ते आमच्याकडील वसुलीचे कारकून. गुलाबी भूत पाठीमागे न येता, आपण जेथे निघालो आहोत त्याच्या चार घरे पुढे जाऊन वाट अडविते. ते हिशेबतपासनीस, जे आपल्या पुढच्या चुकीपाशी आधीच जाऊन बसलेले असत. निळे भूत स्वतःच्या बुद्धीने काहीच करीत नाही, तांबडे कोठे आहे हे पाहून मग आपली दिशा ठरविते. ते आमचे उपकोषागार अधिकारी. आणि नारिंगी भूत मोठ्या आवेशाने अंगावर चालून येते, पण अगदी जवळ आले की त्याचा विचार बदलतो व ते आपल्या कोपऱ्याकडे परत फिरते. ते कोण, हे सांगण्यास विनय आड येतो.

चार कोपऱ्यांत चार मोठी भक्ष्ये ठेवलेली असतात. त्यांपैकी एक गिळले की काही क्षण भुतेच आपल्याला भिऊन पळू लागतात, परंतु आपण जसजशी वरची पायरी गाठावी तसतशी ही सवलतीची मुदत आखडत जाते आणि शेवटी तर उरतच नाही. बढतीचे हे स्वरूप मला अपरिचित नव्हते. खेळाला अंत ठेवावयाचा नाही असा रचनाकारांचा बेत होता. परंतु पायऱ्या मोजणाऱ्या रकान्यात २५५ पलीकडील आकडा मावत नसल्याने, दोनशे छप्पन्नाव्या पायरीवर यंत्राचा हिशेब कोलमडतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनी भरून जातो आणि पुढे जाणे अशक्य होते. तेथवर एकही ठिपका, एकही फळ, एकही भूत न सोडता, एकही जीव न गमावता जो पोहोचतो, त्याच्या नावे ३३,३३,३६० गुण जमा होतात. त्याहून अधिक मिळणे नाही. रकाना अपुरा पडल्यामुळे मोक्ष मिळण्याचा हा प्रकार मला फार पटला. मी स्वतः पहिल्याच पायरीवर, डाव्या बाजूच्या बोगद्यापाशी, नारिंगी भुताने माझी दया येऊन परत फिरण्यापूर्वी तांबड्याच्या हाती सापडलो.

भाचा म्हणाला, हे पेटारे गिऱ्हाइकाला दोन-तीन मिनिटांत बाहेर काढण्यासाठीच रचलेले असत. मनुष्य हरला नाही तर पुढचे नाणे कोठून यावयाचे? ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधील शत्रू तर मरू लागले की उरलेले अधिकाधिक वेगाने धावतात. निशिकादो यांनी तसे योजिले नव्हते. पडद्यावर काढावयाच्या आकृती कमी झाल्या की त्या काळच्या मंद यंत्राचे ओझे हलके होई आणि ते आपोआप भरधाव सुटे, एवढेच त्याचे कारण. पण ते पाहून त्यांनी ते तसेच ठेवले. मला या पेटाऱ्यांचा हा सडेतोडपणा आवडला. हल्लीचे मोबाईलवरील खेळ हरणाऱ्याचीही पाठ थोपटतात, त्यास रोज हजेरीचे बक्षीस देतात आणि आजन्म सोडत नाहीत. हा पेटारा तुमचे नाणे घेतो, तुम्ही नालायक आहात असे ठळक अक्षरांत लिहून दाखवितो आणि पुढच्या माणसाला बोलावतो. मुलाखतीच्या मंडळात मी अशा स्वभावाची माणसे पाहिली आहेत. ती फार काळ त्या जागी टिकली नाहीत.

पेटारे टिकविणेही सोपे नाही. त्यांतील काचेच्या चित्रनलिका आता कोठे तयार होत नाहीत. जुन्या दूरचित्रवाणी संचांतून काढलेल्या, कोणाच्या तरी तळघरात सापडलेल्या नलिकांवर हा सगळा संसार चालतो. वर्षानुवर्षे एकच चित्र दाखविल्यामुळे काही पडद्यांवर चक्रव्यूह कायमचा जळून उमटलेला आहे, आणि वीज बंद असतानाही तो दिसतो. त्यापेक्षा सपाट पडदे बसवून हजार खेळ एकाच डबीत का भरीत नाहीत, असे मी विचारले. भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, पूर्वी एकदा पंढरपुरात, मूर्ती नवी का घडवीत नाहीत, असे विचारणाऱ्या एका परप्रांतीय अधिकाऱ्याकडे पाहणाऱ्या बडव्यांची मला आठवण झाली. तो म्हणाला, “मामा, ती खोटी पेटी.” मग तो स्वतः एका खऱ्या पेटीवर एका हाताने पेला सावरीत खेळला आणि, पूर्वी याच खेळात मी सगळ्या गल्लीचा राजा होतो, असे सांगता सांगता तिन्ही जीव गमावून बसला. भोवतालचे सर्व गृहस्थ हेच करीत होते. पूर्वी आपण किती प्रवीण होतो याची कथा सांगण्यात त्यांची एवढी शक्ती खर्च होत होती, की प्रत्यक्ष खेळण्यास ती उरत नव्हती.

या नियमास त्या रात्री एकच अपवाद होता, आणि तो म्हणजे माझी भाचेसून. ती साताऱ्याची, तिच्या लहानपणी गावच्या पार्लरमध्ये मुलीने पाऊल टाकण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे मुस्तफा, त्याची टोपी, एका रुपयाची नाणी, धरलेले कान, यांपैकी कशाचीही आठवण तिच्यापाशी नाही. ती हे खेळ येथे, या वयात, केवळ जिंकण्यासाठी शिकली. ‘गॅलागा’ या १९८१ च्या खेळापुढे ती उभी राहिली तेव्हा तिने पेला माझ्या हाती दिला, आणि दोन्ही हात मोकळे असलेली त्या दालनातील ती एकटीच व्यक्ती ठरली. या खेळात शत्रूचा एक सरदार वरून निळसर किरण सोडून आपले विमान ओढून नेतो. तिने आपले विमान स्वतः होऊन त्या किरणात नेऊन घातले. मी ओरडलो, “अगं, हे काय केलंस? मुद्देमाल त्यांच्या ताब्यात दिलास!” ती म्हणाली, “मामा, थांबा.” पुढच्याच फेरीत तिने त्या सरदारास अचूक टिपले, कैदेतील विमान सुटून खाली आले, तिच्या विमानास येऊन जोडले, आणि आता दुप्पट तोफा डागल्या जाऊ लागल्या. शासकीय मालमत्ता मुद्दाम शत्रूच्या हवाली करून व्याजासकट वसूल करण्याचा हा मार्ग कोणत्याही नियमपुस्तिकेत मी वाचला नव्हता. वाचला असता तर निवृत्तीचे वेतन वेगळे असते.

खेळ संपला तेव्हा पडद्यावर जे उमटले ते पाहून मी चष्मा पुसला. किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, आणि लागलेल्यांचे झाडलेल्यांशी शेकडा प्रमाण काय, असा तीन कलमी अहवाल यंत्राने मागितल्यावाचून सादर केला होता. झाडल्या गेलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब देणारे दुसरे सैन्य पृथ्वीतलावर नसावे. पाठोपाठ पहिल्या पाचांची यादी आली, तीत तिचा क्रमांक लागला होता, आणि नावाची तीन अक्षरे भरा अशी सूचना पेटाऱ्याने दिली. भाच्याने सांगितले की रात्री वीज बंद झाली की ही यादी पुसली जाते व सकाळी पेटारा कोऱ्या मनाने उठतो. अभिलेख रोज नष्ट करणाऱ्या खात्याविषयी माझे जे मत आहे ते मी त्या वेळी बोलून दाखविले नाही, कारण त्याहून तातडीचा प्रश्न उभा राहिला होता. तीन अक्षरांची मर्यादा अमेरिकनांस अपुरी वाटत असेल; आपल्याकडे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, आणि आडनाव, अशी बरोबर तीनच आद्याक्षरे जन्मतः तयार असतात. पण कोणती?

“आपलं आडनाव लाव ना,” भाचा म्हणाला. मी त्यास दुरुस्ती सुचविली की, विवाहोत्तर नाव तेव्हाच ग्राह्य धरावे, जेव्हा त्याची राजपत्रात रीतसर प्रसिद्धी झालेली असेल, आणि तशी ती झाली आहे काय? भाच्यास ते आठवेना. पासपोर्टावर कोणते नाव आहे, बँकेत कोणते, माहेरचे नाव लावल्यास मधले अक्षर वडिलांचे येणार, मग ते साताऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर आहे तसे की जन्मनोंदीत आहे तसे, या मुद्द्यांचा आम्ही दोघे क्रमाने परामर्श घेऊ लागलो. पेटारा वाट पाहत होता. त्याने आपण होऊन पहिल्या जागी ‘ए’ हे अक्षर मांडून ठेवले होते. भाचेसुनेने आम्हा दोघांकडे एकदा पाहिले आणि बटण तीनदा दाबले. यादीत उमटले, ‘ए ए ए’.

“अगं, हे कोणाचं नाव?” भाचा कळवळून म्हणाला.

“माझं,” तिने माझ्या हातातील पेला घेतला, एक घोट प्याली, आणि मोकळा हात माझ्यापुढे पसरला. “मामा, सुटे आहेत?”

मी खिशातील शिल्लक मोजली, आणि मागणीपत्र, मंजुरी व पावती या तिन्ही कलमांतून सूट देऊन पाव डॉलरची तसलमात तिच्या हातावर ठेवली.